दोन्ही वेळची धार

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मी दुसऱ्यांच्या गाड्यांत बसून हिंडलो. कुणाच्या मागच्या सीटवर, कुणाच्या शेजारी, दोनदा तर गाडी दारात उभी असतानाच नुसता आत जाऊन बसलो. बायको म्हणाली, "माझ्या वेळी एवढी चौकशी केली असतीस तर आपलं लग्नच झालं नसतं."

आमची जुनी हॅचबॅक थकली होती. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे, बहीण रत्नागिरीला, मुलगी पुण्यात. कोल्हापूरहून एक तर आंबा घाट, नाही तर हायवे, महिन्यातून एक फेरी ठरलेली. एसयूव्ही मला नको होती, मागे वेगळी डिकी असलेली सेडान हवी होती. का नको, याची कारणं मी लोकांना बरीच सांगितली. घाटातल्या वळणावर सेडान कमी डुलते, डिकीत पाचशे लिटरची जागा असते, आंब्याच्या पेट्या मागे बंद राहतात आणि वास आत येत नाही. खरं कारण वेगळंच आहे. शाळेत गाडीचं चित्र काढायला सांगितलं की मी पुढे बॉनेट, मधे खोली आणि मागे डिकी काढायचो. अजूनही माझ्या डोक्यात गाडी म्हणजे तेवढीच.

पण या वर्गात आता निवडायला फारसं उरलेलं नाही. मारुतीची सियाझ २०१४ ला आली आणि २०२५ मध्ये बंद झाली. होंडाची सिटी १९९८ पासून पिढ्या बदलत टिकून आहे. ह्युंदाईची व्हर्ना आहे. फोक्सवॅगनची व्हर्टस आणि स्कोडाची स्लाव्हिया आपल्या चाकणला बनतात. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा या आकाराच्या गाड्यांवरचा एकूण कर ४५ टक्क्यांवरून ४० वर आला, तरी मनासारखी नवी गाडी दारात यायला पंधरा लाखांच्या आसपास जाणार होते. म्हणून पाच-सहा-सात वर्षांची जुनी बघायची ठरवली. सगळ्या जगाला उंच गाड्या हव्या असल्यामुळे जुन्या सेडानचा भाव पडतो, हा आमच्यासारख्यांचा फायदा.

अट एकच होती, गाडी भरवशाची हवी. हा शब्द उच्चारल्या उच्चारल्या बाबांनी म्हण ऐकवली, "भरवशाच्या म्हशीला टोणगा." आणि मग आजोबांची गोष्ट सांगितली, जी मी याआधी पन्नासदा तरी ऐकली असेन.

आजोबा म्हैस घ्यायला गेले की मालकाला दुधाचं काही विचारायचे नाहीत. दुपारी पोचायचे, गप्पा मारायचे, पान खायचे आणि उठायचेच नाहीत. संध्याकाळची धार बघायची, तिथेच मुक्काम करायचा, आणि पहाटेची धार बघूनच व्यवहाराला बसायचं. कारण विकणारा एक वेळची धार न काढता ठेवतो. कास तटतटलेली दिसते, बघणारा भुलतो, आणि घरी आणल्यावर चार दिवसांत म्हैस तिच्या खऱ्या मापावर येते. "मालक खोटा असतो असं नाही," बाबा म्हणाले, "पण त्याला जे दाखवायचंय तेच तू बघतोस."

मी मान डोलावली आणि नेमका मालकांना विचारत सुटलो.

पहिला माझा मेहुणा. त्याची गाडी आठ महिन्यांची. "दाजी, नाद खुळा गाडी. डोळे झाकून घ्या." त्याने मला सनरूफ उघडून दाखवलं, बंद करून दाखवलं, परत उघडून दाखवलं. आठ महिन्यांत गाडीचं एकच सर्व्हिसिंग झालं होतं आणि तेही फुकटातलं. याला अनुभव म्हणायचा तर मग हळदीच्या अंगाने संसारावर बोलणाऱ्यालाही अनुभवी म्हणावं लागेल. पण खरी गंमत पुढे झाली. चहा पिताना मी सहज म्हटलं, स्टिअरिंग जरा हलकं वाटतं. तर तो एकदम ताठ झाला. मी जणू त्याच्या पोराच्या नाकाला नावं ठेवली होती. आपला तो बाळ्या! ज्याने पंधरा लाख मोजलेत तो गाडीबद्दल बोलत नसतो, आपली निवड चुकली नाही एवढंच सांगत असतो. त्या दिवसापासून मी "गाडी कशी आहे?" हा प्रश्नच सोडून दिला. त्याऐवजी विचारायचो, शेवटचं बिल कशाचं झालं? रस्त्यात कधी थांबलात? त्या वेळी कुणाला फोन केला? माणूस मत देताना सजवतो, पण घडलेलं सांगताना त्याला तारीख-वार आठवावा लागतो.

दुसरे आमच्या कॉलनीतले एक काका, बँकेतून निवृत्त. गाडी २०१५ ची. मी शेवटच्या बिलाबद्दल विचारल्यावर त्यांनी कपाटातून वही काढली. लाल कापडी बांधणीची, दुकानदार ठेवतात तशी लांबुळकी. पहिल्या दिवसापासून भरलेल्या पेट्रोलचा एकेक लिटर त्यात होता. तारीख, पंप, लिटर, मीटरचा आकडा, आणि शेवटच्या रकान्यात टाकी ते टाकी काढलेलं ॲव्हरेज, दोन दशांश स्थळांपर्यंत. आकडे निळ्या शाईत, शेरे लाल शाईत. "नवे टायर." "काशीयात्रा, ए.सी. सतत." "नातवाची शाळा सुरू."

जाहिरातीत 'एआरएआय प्रमाणित' म्हणून जो आकडा छापतात, त्यातली एआरएआय म्हणजे पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली, गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था. पुणेकर सकाळी जिथे फिरायला जातात आणि टेकडीलाच एआरएआय टेकडी म्हणतात, तीच. तो आकडा खोटा नसतो. गाडी रोलरवर चढवून, ठरलेल्या क्रमाने वीसेक मिनिटं पळवून, ताशी ९० च्या वर न नेता, ए.सी. बंद ठेवून तो काढलेला असतो. म्हणजे सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा, तुलनेला उत्तम. पण त्या परीक्षेत गंगावेशीतली गर्दी नसते आणि मागे बसून "काच वर घे, वारं लागतंय" म्हणणारी आई नसते. काकांच्या वहीत हे सगळं होतं.

वहीतला आकडा बरीच वर्षं सोळाच्या आसपास होता. अलीकडच्या पानांवर तो पंधरावर आला होता. काकांनी बोट ठेवलं, "इथेनॉल. आपल्याच उसानं आपलं ॲव्हरेज खाल्लं." कोल्हापुरात बसून हे वाक्य ऐकायला मजा येते. त्यात तथ्यही आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते, आणि पेट्रोलमध्ये ते वीस टक्के मिसळण्याचा विचार करणाऱ्या २०२१ च्या सरकारी समितीच्या अहवालातच जुन्या चारचाकींना सहा ते सात टक्के फटका बसेल असं म्हटलं होतं. काकांची घट जवळपास तेवढीच. पण मी वही मागे चाळली. घट सुरू झाली त्याच पानावर लाल शाईत दोन शेरे होते, "नवे टायर" आणि "नातवाची शाळा सुरू". म्हणजे आधी आठवड्यातून दोनदा हायवेला जाणारी गाडी आता रोज दोनदा थंड इंजिनाने दोन किलोमीटर जाऊन परत येत होती. मी हे काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, पान परत वाचलं आणि म्हणाले, "हं. तरी पण इथेनॉलच." ज्या माणसाने इतका चोख हिशेब ठेवला होता, त्याचा निष्कर्ष मात्र आधीच ठरलेला होता. तरीही सांगतो, सगळ्या चौकशीत त्या वहीइतकी मोलाची दुसरी वस्तू मला सापडली नाही. काकांचं मत बाजूला ठेवलं तरी वही कामाला येत होती.

तिसरा हिंजवडीत नोकरी करणारा जुना वर्गमित्र. त्याने ती गाडी विकूनही तीन वर्षं झाली होती, पण राग ताजा होता. गाडीचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं की वाचणारे पुढचं वाचायचं सोडून भांडायला लागतात. दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, वॉरंटी संपल्यावर चारच महिन्यांनी बसला. आधी सॉफ्टवेअर अपडेट, मग अजून एक अपडेट, मग एक लाख साठ हजारांचं बिल. "आयुष्यात परत त्या कंपनीच्या दारात पाय ठेवणार नाही."

त्याचा शब्द न् शब्द खरा होता. मी फक्त त्याचा रस्ता विचारला. सकाळी सव्वा तास, संध्याकाळी दीड तास, अकरा किलोमीटर. त्याच्या गाडीतल्या गिअरबॉक्समधले क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात. गाडी मुंगीच्या पावलाने सरकत राहिली की क्लच अर्धवट घासत राहतात, तापतात, आणि ती उष्णता ओढून न्यायला तेल नसतं. तोच गिअरबॉक्स हायवेवर सुखाने नांदतो. मित्राचा अनुभव म्हणजे त्या गाडीला लागलेला हिंजवडीचा रस्ता होता. माझा रस्ता आंबा घाटाचा आणि साताऱ्याचा. त्यात सातारा–कागल सहापदरीकरणाची वळणं आहेत, हे कबूल.

पण असं प्रत्येकाचं गाऱ्हाणं "तुमचा रस्ताच वेगळा" म्हणून उडवत गेलं तर चौकशी करायचीच कशाला? हे मला एका दुसऱ्या मॉडेलच्या वेळी कळलं. तेही नाव नको. एक कागलचा, एक इचलकरंजीचा, एक रत्नागिरीत मेहुण्याच्या ओळखीतला. तिघं एकमेकांना ओळखत नाहीत. तिघांनीही न विचारता सांगितलं की पंचावन्न ते साठ हजार किलोमीटरच्या दरम्यान ए.सी.ची कूलिंग कॉइल गळली. तिघांनीही पुढे तेच वाक्य जोडलं, "आख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागला हो." एकाच्या नशिबी वाईट नग येऊ शकतो. पण तीन अनोळखी माणसं एकाच किलोमीटरच्या दगडापाशी एकच तक्रार करतात, तेव्हा ती माणसांची राहत नाही, गाडीची होते. ते मॉडेल मी यादीतून काढलं, आणि ज्यांनी ते मला मनापासून सुचवलं होतं त्यांना कळवलंही नाही.

उद्यमनगरातला आमचा मेस्त्री यात सगळ्यात शहाणा. "साहेब, मला इचारू नका. माझ्याकडं बरी गाडी येतच न्हाई." डॉक्टरला वाटावं गाव सगळं तापानं फणफणलंय, तसं. मात्र एक गोष्ट त्याने सांगितली ती कुठल्याच मालकाला सांगता आली नसती. कुठल्या गाडीचा चाकाजवळचा लोअर आर्म काढायला अर्धा तास लागतो आणि कुठल्या गाडीत त्यासाठी आधी तीन वस्तू काढाव्या लागतात, कुठला पार्ट संध्याकाळपर्यंत गावातच मिळतो आणि कुठल्याला पुण्याहून यायला चार दिवस लागतात. गाडी कधी ना कधी बिघडणारच. ती मंगळवारी बिघडली तर बुधवारी घरी येते की पुढच्या सोमवारी, हे मेस्त्रीलाच ठाऊक असतं, आणि भरवशाचा निम्मा अर्थ तिथे आहे असं मला आता वाटतं.

आणि एक गोष्ट कुणीच सांगितली नाही. कागलच्या गाडीत बाबांना पुढे बसवलं. ते बसले म्हणजे आत पडलेच. उतरताना एक हात दाराच्या चौकटीला, एक माझ्या खांद्याला, आणि गुडघ्यातून कट्ट असा आवाज. बाहेर येऊन म्हणाले, "ह्या गाडीत बसताना पडायचं आणि उतरताना चढायचं." मी तोवर डझनभर मालकांशी बोललो होतो. सीट खाली आहे हे एकाच्याही तोंडून आलं नव्हतं. वहीवाल्या काकांच्याही नाही, पण ते रोज पहाटे सूर्यनमस्कार घालतात. ज्याचा गुडघा दुखत नाही त्याला सीट खाली आहे हे जाणवतच नाही. जे त्याला जाणवत नाही ते तो लपवतोय असंही म्हणता येत नाही.

आता त्या सरांबद्दल. हे लिहावं की नाही, असं मनात होतं.

पलीकडच्या जिल्ह्यातले एक शिक्षक. गाडी २०१७ ची, मोती रंगाची, सीटवर घरी शिवलेली कव्हरं. सर अतिशय सज्जन. किंमत वाजवी, बोलणं सरळ. त्यांनी स्वतःच दोष सांगितले. डाव्या मागच्या दाराची काच कधी कधी आपोआप खाली येते, सेंट्रल लॉक पावसाळ्यात रुसतं, दोनदा वायरिंगचं काम झालं. "इंजिन एकदम उत्तम. पण ह्या मॉडेलचं इलेक्ट्रिकल कच्चं, हे मी सगळ्यांना सांगतो."

फाइल बघितली. पहिलं बिल जानेवारी २०२० चं. त्याआधीचं काही नाही. मी विचारलं तर म्हणाले, "मी सेकंड ओनर. आधीचे कागद मिळाले नाहीत."

मेस्त्रीने मला एक गोष्ट शिकवून पाठवलं होतं. मी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसलो आणि सीटबेल्ट ओढला. नेहमी ओढतो तेवढा नाही, पार शेवटपर्यंत, गुंडाळी संपून आत खट् होईपर्यंत. वरचा सगळा पट्टा स्वच्छ राखाडी होता. शेवटची वीतभर लांबी मळकट तपकिरी, आणि दोन्हींच्या मधे आडवी रेघ. चहा बराच वेळ तसाच राहिला की कपाच्या आत उमटते तशी. मग डिकीतली चटई उचलली, स्टेपनी काढली. खालच्या खोलगट जागेच्या कोपऱ्यात गाळ वाळून त्याचे पापुद्रे झाले होते, तळ्याच्या तळाला उन्हाळ्यात पडतात तशा भेगांचे. बोटाने दाबला तर पिठासारखा झाला.

ऑगस्ट २०१९ चा महापूर. इथल्या कुणाला वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शिरोलीपाशी हायवे कित्येक दिवस बंद होता. इकडे पंचगंगा, तिकडे सांगलीत कृष्णा, आणि दोन्हीकडच्या पार्किंगमध्ये गाड्या आरशापर्यंत पाण्यात. त्या गाड्यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न त्या वेळी कुणाला सुचला नव्हता.

सर माझ्या मागे उभे होते. त्यांनी रेघ पाहिली, गाळ पाहिला. काही वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे पाच वर्षं मी..." आणि थांबले. त्यांनी मला फसवलं नव्हतं. त्यांना आधीच कुणीतरी फसवलं होतं, आणि ते पाच वर्षं पुराचा दोष गाडीच्या जातीला लावत गावभर प्रामाणिकपणे सांगत आले होते. त्यांचं ऐकून किती जणांनी ते मॉडेल टाळलं असेल? आणि मीही, फाइल पूर्ण असती आणि पट्टा शेवटपर्यंत ओढला नसता, तर घरी येऊन चार लोकांना हेच सांगितलं असतं, की एका मालकाचा पाच वर्षांचा अनुभव आहे म्हणून.

बाईंनी चहा आणला. कपाकडे बघायला मला नको वाटत होतं. सरांनी विचारलं, "आता हिचं मी काय करू? विकताना सांगू?" मला उत्तर देता आलं नाही. देण्याचा अधिकार आपल्याला आहे असंही वाटलं नाही.

शेवटी गाडी मिळाली ती कऱ्हाडची, २०१८ ची, पेट्रोल, मॅन्युअल. मालक पाटबंधारे खात्यातले निवृत्त ओव्हरसिअर. त्यांनी सकाळी दहाला या म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, आदल्या दिवशी संध्याकाळी एकदा येऊन बघतो आणि सकाळी सहाला परत येतो. फोनवर ते हसले. "म्हैस बघायला येताय जणू."

संध्याकाळी गाडी चालवून बघितली. रात्री कऱ्हाडातच लॉजवर राहिलो. पहाटे गेलो तर अजून अंधार होता, कृष्णेकडून धुकं येत होतं. मी आधी बॉनेटला हात लावला. बर्फासारखं गार, आणि तळहात दवाने ओला. गिऱ्हाईक यायच्या आधी पंधरा मिनिटं इंजिन चालू करून ठेवलं की थंडीतली खरखर, पहिला धूर, सेल्फची कुरकुर सगळं झाकलं जातं. ही एक वेळची तुंबवलेली धार. इथे ती तुंबवलेली नव्हती. पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली, दोन सेकंद जरा कडक आवाज आला आणि मग शांत.

ओव्हरसिअर साहेबांनी फाइल पुढे केली आणि मी पान उलटायच्या आधीच सांगितलं, "अठ्ठेचाळीस हजार किलोमीटरला क्लचप्लेट बदललीय. पोरगं शिकत होतं. डावा पुढचा दरवाजा रंगवलाय, गेटला घासला. पावसात वायपर जरा टकटकतो." तिन्ही गोष्टींची बिलं नाही तर खुणा सापडल्या. चारही टायरवर ३२२३ हा आकडा होता, म्हणजे २०२३ चा बत्तिसावा आठवडा, आणि टायरचं बिल त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचं. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत राखाडी. मीटर एकसष्ट हजार, बिलांवरचे आकडे वर्षावर्षाला त्याच चालीने चढत आलेले. जो माणूस न विचारता स्वतःविरुद्ध तीन गोष्टी सांगतो, त्याने चौथी चांगली सांगितली तर ती मी मानतो. सीट इथेही खालीच होती. त्याला आईने उपाय काढला, जुन्या गोधडीची घडी.

गाडी घरी येऊन आता तीन महिने झाले. मी वही घातली आहे, लाल नाही मिळाली, निळी. परवा आम्ही रत्नागिरीला निघालो. मलकापूर सोडलं आणि साठच्या पुढे गेलो तसा डाव्या बाजूने, कुठून तरी खालून, बारीक किर्रर्र आवाज यायला लागला. वेग कमी केला की जायचा, वाढवला की यायचा.

मी रेडिओचा आवाज थोडा वाढवला.

गोधडीवर बसलेल्या बाबांनी मान वळवली. "काय वाजतंय रे?"

"काही नाही," मी म्हणालो. "रस्ता खराब आहे."